ऑर्डर ऑफ द कॉइफ: पात्रतेच्या ७५ टक्क्यांचा हिशेब नेमका कसा धरतात?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका सरकारी विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये जे.डी. या कायद्याच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे शेवटचे सत्र जानेवारीत सुरू होणार आहे. विषय नोंदवण्याची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते, म्हणून जरा घाईनेच हा धागा काढते आहे.

लॉ स्कूलमधून पदवी घेताना सर्वांत हुशार विद्यार्थ्यांची ज्या संस्थेवर निवड होते, त्या ऑर्डर ऑफ द कॉइफबद्दल मला विचारायचे आहे. तिच्या शाळेत या संस्थेची शाखा आहे. शाळा कोणालाही वैयक्तिक क्रमांक सांगत नाही. मात्र पहिल्या दहा टक्क्यांत येण्यासाठी श्रेणींची किती सरासरी (जीपीए) लागते, तो आकडा प्रत्येक सत्रानंतर जाहीर करते. गेल्या वेळी तो ३.७१ होता आणि मुलीची सरासरी ३.७४ आहे. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. गेल्या आठवड्यात तिच्या एका वर्गमैत्रिणीने सहज विचारले, ‘तुझे श्रेणी मिळालेले क्रेडिट पुरेसे आहेत ना?’ आणि तेव्हापासून घरात कागद-पेन्सिल घेऊन बेरजा चालू आहेत.

पदवीला ८७ क्रेडिट लागतात. दुसऱ्या वर्षाचे वसंत सत्र तिने युरोपातील एका विद्यापीठात केले. तिथले १२ क्रेडिट इथे जमा झाले, पण श्रेणी आल्या नाहीत. आताच्या सत्रात एका न्यायाधीशांच्या कार्यालयात तिने ६ क्रेडिटची एक्स्टर्नशिप केली, तिलाही फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा मिळतो. पुढच्या सत्रात १४ क्रेडिट घ्यायचे असून त्यांतले ४ भाडेकरूंना घर खाली करायला लावण्याच्या खटल्यांच्या क्लिनिकचे (विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष खटल्यांवर काम करण्याच्या अभ्यासक्रमाचे) आहेत, आणि त्या क्लिनिकलाही श्रेणी नाही. परदेशातल्या सत्राचा अर्ज मंजूर करताना यांतले काहीही कोणी सांगितले नाही, याचा मला राग आहे. पण आता तो राग बाजूला ठेवून विचारते की ती पात्र ठरते का, आणि नसेल तर अजून काही करता येईल का? क्लिनिक सोडायचे नाही, एवढे तिने मला आधीच बजावले आहे.

जुना_वकील:
कोयनाकाठताई, तुमची मुदत जवळ आहे, म्हणून आधी नियम सांगतो आणि माझे मत नंतर मांडतो. मी स्वतः या संस्थेचा सदस्य आहे. शिकागोत वकिली करताना काही वर्षे संध्याकाळच्या वर्गांना शिकवलेही, त्यामुळे निवडीची यादी कशी तयार होते ते जवळून पाहिले आहे.

संस्थेच्या राष्ट्रीय घटनेनुसार अटी दोनच आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. विद्यार्थ्याने कायद्याचे निदान ७५ टक्के शिक्षण श्रेणी देणाऱ्या विषयांत पूर्ण केलेले असावे, ही पहिली. आणि त्याच्या श्रेणींच्या आधारे तो त्या वर्षी पदवी घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांच्या वरच्या १० टक्क्यांत बसावा, ही दुसरी. सर्वांचे लक्ष दुसऱ्या अटीकडे असते, कारण तिची धडधड दर सत्राच्या निकालाला जाणवते. पहिली अट कोणाच्या ध्यानीमनी नसते, आणि हुशार मुले नेमकी तिथे अडखळतात, कारण परदेशातले सत्र, एक्स्टर्नशिप, क्लिनिक, नियतकालिकाचे संपादन या सगळ्यांत हुशार मुलेच पुढे असतात.

‘श्रेणी देणारा विषय’ कशाला म्हणायचे, याचीही व्याख्या घटनेत आहे: ज्या विषयातील कामगिरीची नोंद चार किंवा अधिक पायऱ्यांनी केली जाते, तोच विषय मोजला जातो. इथे अक्षरांना महत्त्व नसून पायऱ्यांना आहे. स्टॅनफर्डने २००८ मध्ये ए-बी-सी सोडून दिले. आता तिथे ऑनर्स, पास, रिस्ट्रिक्टेड क्रेडिट आणि नो क्रेडिट असे शेरे मिळतात. पायऱ्या चार झाल्या, म्हणजे ते विषय श्रेणीचेच ठरतात. उलट एखाद्या शाळेने क्लिनिकसाठी उच्च उत्तीर्ण, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण अशा तीनच पायऱ्या ठेवल्या असतील, तर दिसायला ती श्रेणी वाटली तरी कॉइफच्या हिशेबात धरता येत नाही. तुमच्या मुलीच्या क्लिनिकला श्रेणी नाही हे तिने ऐकीव माहितीवरून गृहीत धरले आहे की अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तसे लिहिले आहे, हे आधी पाहा. पुष्कळ शाळांत क्लिनिकचे काही क्रेडिट वर्गातील तासांचे आणि काही प्रत्यक्ष कामाचे असे विभागलेले असतात, आणि वर्गाच्या भागाला अक्षरी श्रेणी मिळते.

आणखी एक गोष्ट. या संस्थेत अर्ज करून जाता येत नाही. रजिस्ट्रारकडून यादी येते आणि शाखेचे सदस्य असलेले प्राध्यापक निवड करतात. म्हणून पात्र ठरणे आणि निवडले जाणे या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत, जरी व्यवहारात पात्र विद्यार्थ्याला डावलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ‘आपली निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा’ अशी जी पत्रे पदवीपूर्व काळापासून मुलांच्या मेलपेटीत येऊन पडतात, त्या जातीचा हा प्रकार नव्हे.

आकडेमोड:
जुना_वकील यांनी नियम सांगितलाच आहे, मी फक्त बेरीज करतो.

८७ चे ७५ टक्के म्हणजे ६५.२५. म्हणजेच विनाश्रेणी क्रेडिट जास्तीत जास्त २१.७५ चालतात. तुमच्या मुलीचे विनाश्रेणी क्रेडिट १२ अधिक ६ अधिक ४, असे एकूण २२ होतात. श्रेणीचे उरतात ६५. त्याची टक्केवारी ७४.७ येते. पाव क्रेडिटने अट हुकते, आणि ‘निदान ७५’ असे शब्द असताना ७४.७ ला कोणी ७५ म्हणेल अशी आशा धरू नये.

मात्र यावर उपाय आहे. ८७ ही पदवीसाठीची किमान संख्या आहे. त्याहून जास्त क्रेडिट घ्यायला बंदी नाही. तिने पुढच्या सत्रात १४ ऐवजी १५ क्रेडिट घेतले आणि तो वाढीव एक क्रेडिट श्रेणीचा असला, तर ८८ पैकी ६६ होतात. ६६ भागिले ८८ म्हणजे बरोबर ०.७५. दोन क्रेडिटचे एखादे सेमिनार घेतले तर ८९ पैकी ६७, म्हणजे ७५.३; तीन क्रेडिटचा नेहमीचा विषय घेतला तर ९० पैकी ६८, म्हणजे ७५.६. क्लिनिक सोडण्याची गरज कुठेच येत नाही.

वरची मर्यादाही पाहून घेतली. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या मानकांप्रमाणे पदवीसाठी लागणाऱ्या एकूण क्रेडिटच्या २० टक्क्यांहून अधिक क्रेडिट एका वेळी घेऊ देता येत नाहीत. ८७ चे २० टक्के १७.४ होतात, म्हणजे १७ पर्यंत वाव आहे. शाळेची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते.

पण या सगळ्याला एक जर आहे. छेदस्थानी तुमची शाळा काय धरते? विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पूर्ण केलेले सगळे क्रेडिट, की पदवीसाठीचे किमान ८७? मला स्वतःला ‘कायद्याचे शिक्षण’ या शब्दांचा अर्थ प्रत्यक्ष पूर्ण केलेले सगळे असाच लागतो. शाळा किमान धरत असली तरी वाढीव श्रेणीचा क्रेडिट अंशात येईलच आणि ८७ पैकी ६६ म्हणजे ७५.९ होतील. म्हणजे कोणत्याही रीतीने मोजले तरी एका क्रेडिटने काम होते. तरीही हे तोंडी न विचारता रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

कोयनाकाठ:
आकडेमोड, तुमचे उत्तर वाचून मी दोनदा स्वतः भागाकार करून पाहिला. मनापासून आभार. पहिल्या वर्षाच्या ३० क्रेडिटबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगते: तिच्या शाळेत लीगल रायटिंगलाही अक्षरी श्रेणी असते, त्यामुळे तिथे काही कमी होत नाही. क्लिनिकची पुस्तिका आज रात्री पाहते.

मधली_सुट्टी:
मला एक मूलभूत शंका आहे आणि ती मी वाद घालण्यासाठी विचारत नाही. ज्या मुलीने परक्या देशातील कायदा शिकला, न्यायाधीशांच्या हाताखाली निकालपत्रांचे मसुदे लिहिले आणि आता घराबाहेर काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंच्या बाजूने न्यायालयात उभी राहणार आहे, तिला ‘तुझे शिक्षण पुरेसे मोजलेले नाही’ असे सांगणारी अट विद्वत्तेचा गौरव करते की परीक्षा देण्याच्या सवयीचा? कायद्याच्या शिक्षणात प्रात्यक्षिक वाढावे असे सगळेच म्हणतात, आणि सन्मान मात्र चार भिंतींतल्या पेपरांना, हे मला विसंगत वाटते.

जुना_वकील:
मधली_सुट्टी, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही मी त्या अटीच्या बाजूने बोलणार आहे.

वरच्या दहा टक्क्यांचा क्रम लावायचा म्हटले की सरासरी हवी, आणि सरासरी कशाची घेतली आहे याला महत्त्व येते. बहुतेक लॉ स्कूलमध्ये मोठ्या वर्गांना सक्तीचा कर्व्ह असतो. म्हणजे प्राध्यापकाला वाटले म्हणून सगळ्यांना ए देता येत नाही, वर्गाची सरासरी ठरावीक मर्यादेतच ठेवावी लागते. त्यामुळे करविषयक कायद्यात किंवा पुराव्याच्या कायद्यात मिळालेली ए ही खरोखर बरोबरीच्या मुलांशी स्पर्धा करून मिळवलेली असते. आता समजा, ७५ टक्क्यांची अटच नाही. मग एखादा चतुर विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर अवघड विषय उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पर्यायाने घेईल, जिथे खात्री आहे तेवढ्यांचीच श्रेणी ठेवील आणि चाळीस क्रेडिटच्या जोरावर, ऐंशी क्रेडिट कर्व्हला सामोऱ्या गेलेल्या मुलीच्या पुढे जाऊन बसेल. अट तुमच्या क्लिनिकवर रोखलेली नाही. ती या चतुरपणाला आळा घालते, आणि क्लिनिक वाटेत सापडते.

शिवाय २५ टक्के मोकळीक काही लहान नाही. ८७ क्रेडिटच्या पदवीत २१ क्रेडिट म्हणजे जवळजवळ दीड सत्र होते. मुलांना हा आकडा पहिल्या वर्षाअखेरीस कोणी सांगत नाही, ही माझीही तक्रार आहे.

दोन_शाळा:
माझा अनुभव लिहितो, कारण पुढे कोणी हा धागा शोधत आला तर त्याला उपयोग होईल. मी पहिले वर्ष एका लहान लॉ स्कूलमध्ये केले, वर्गात दुसरा आलो आणि त्या जोरावर दुसऱ्या वर्षी मोठ्या, नावाजलेल्या शाळेत बदली घेतली. दोन्ही शाळांची नावे लिहीत नाही. नव्या शाळेने जुने ३० क्रेडिट मान्य केले, पण श्रेणी आपल्या सरासरीत धरल्या नाहीत. बदलीच्या विद्यार्थ्यांबाबत ही सर्वसाधारण रीत आहे आणि कर्व्ह वेगवेगळे असल्याने ती समजण्यासारखीही आहे. पुढच्या दोन वर्षांत माझी सरासरी कॉइफच्या रेषेच्या बरीच वर होती. पदवीच्या वेळी माझे श्रेणीचे क्रेडिट ८७ पैकी ५७, म्हणजे साडेपासष्ट टक्के भरले. पुढच्या दोन वर्षांत एकही विनाश्रेणी विषय न घेता हे झाले. म्हणजे ज्या दिवशी मी बदलीच्या कागदावर सही केली, त्याच दिवशी पात्रता गेली होती आणि मला ते दोन वर्षांनी कळले.

सगळीकडे असेच असते असे मी म्हणणार नाही. शाखांचे स्वतःचे नियम असतात आणि बदलीच्या विद्यार्थ्याच्या जुन्या श्रेणींचे काय करायचे ते त्या त्या शाळेलाच विचारावे लागते. बदली घेणाऱ्याने ते सही करण्याआधी विचारावे. जे.डी. आणि एम.बी.ए. अशी जोडपदवी करणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू पडते, कारण व्यवस्थापन शाळेतले जे क्रेडिट जे.डी.साठी धरले जातात, त्यांच्या श्रेणी लॉ स्कूलच्या सरासरीत सहसा येत नाहीत.

बदली घेतल्याचा मला पश्चात्ताप होत नाही, पण त्या मे महिन्यात समारंभाच्या पुस्तिकेत नावांपुढची कॉइफची खूण पाहताना बरे वाटले नव्हते, हेही खरे आहे.

कर्वे_रस्ता:
मी पुण्यातून एल.एल.बी. करून पुढच्या वर्षी एका वर्षाच्या एल.एल.एम. या पदव्युत्तर पदवीसाठी अमेरिकेला जाण्याच्या तयारीत आहे. एल.एल.एम.च्या वर्गात पहिला आलेला भारतीय विद्यार्थी या संस्थेवर निवडला जाऊ शकतो का? आमच्याकडे विद्यापीठाचे सुवर्णपदक असते, त्यामुळे मी त्याच धर्तीवर विचार करतो आहे.

जुना_वकील:
कर्वे_रस्ता, थोडक्यात उत्तर नाही असे आहे. ही निवड जे.डी. पदवी घेणाऱ्यांसाठी आहे. एल.एल.एम.चे विद्यार्थी पुष्कळदा त्याच वर्गात बसतात, तोच पेपर लिहितात, पण अनेक शाळांत त्यांच्यासाठी वेगळा कर्व्ह असतो आणि त्यांची गणना पदवीधर वर्गाच्या त्या दहा टक्क्यांत होत नाही. तुमच्यासाठी शाळेची स्वतःची पारितोषिके, एखाद्या विषयातील सर्वोत्तम उत्तरपत्रिकेचे बक्षीस किंवा एल.एल.एम. विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा सन्मान असू शकतो. प्रवेशपत्र आले की ते विचारा.

सुवर्णपदकाशी तुलना मात्र मला पटत नाही. पदक एकाला मिळते आणि दुसरा क्रमांक हात हलवीत परत जातो. इथे एक रेषा आखलेली असते आणि रेषेच्या वरच्यांत पहिला कोण, अठरावा कोण, हे संस्थेच्या दृष्टीने सारखेच असते. शाळा जी सुम्मा, मॅग्ना वगैरे लॅटिन बिरुदे देते, तीही यापासून स्वतंत्र आहेत. त्यांच्या अटी प्रत्येक शाळा स्वतः ठरवते. म्हणून एखाद्याला मॅग्ना मिळते आणि कॉइफ मिळत नाही, असे घडते. अभिरूप न्यायालयात आणि वकिलीच्या कौशल्यात चमकणाऱ्यांसाठी ऑर्डर ऑफ बॅरिस्टर्स नावाची वेगळी संस्था आहे. तिचा गुणांच्या सरासरीशी संबंध नसतो आणि प्रत्येक शाळेतून वर्षाला जास्तीत जास्त दहा जण निवडले जातात. मधली_सुट्टी यांच्या शंकेचे थोडे उत्तर तिथेही आहे.

शेवंती:
विषय थोडा वळवते, पण ‘कॉइफ’ म्हणजे नेमके काय? इतक्या गंभीर संस्थेचे नाव कोणत्याही लॅटिन शब्दासारखे वाटत नाही.

जुना_वकील:
शेवंती, कॉइफ म्हणजे टोपरे! अगदी आपण तान्ह्या बाळाला घालतो तसे, डोक्याला घट्ट बसणारे आणि हनुवटीखाली बांधायचे पांढऱ्या तलम कापडाचे टोपरे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सार्जंट-अॅट-लॉ नावाचे सर्वोच्च दर्जाचे वकील ते घालत, आणि खुद्द राजासमोरही ते डोक्यावरून काढायचे नाही, हा त्यांचा मान होता. कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये युक्तिवाद करण्याचा एकाधिकार १८४६ पर्यंत त्यांच्याकडेच होता. पुढे केसांचे टोप आले, तेव्हा टोपरे झाकले गेले आणि त्याची आठवण म्हणून टोपाच्या माथ्यावर छोटी गोल चकती तेवढी राहिली. १८७३ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यानंतर नवे सार्जंट नेमण्याची गरज संपली, १८७७ मध्ये त्यांचे सार्जंट्स इन विकून टाकण्यात आले आणि शेवटचे सार्जंट लॉर्ड लिंडली १९२१ मध्ये वारले.

तोवर अमेरिकेत हे नाव दुसऱ्या अर्थाने रुजलेही होते. इलिनॉय विद्यापीठात १९०२ मध्ये थीटा कॅपा नू नावाने गुणवंत विद्यार्थ्यांची एक संस्था निघाली आणि तिच्यातूनच आजची ऑर्डर ऑफ द कॉइफ उभी राहिली. म्हणजे तिकडे टोपरे उतरले आणि इकडे प्रमाणपत्रावर चढले. न्यायमूर्ती रानड्यांचे पगडीतले चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना डोक्यावरच्या वस्त्राला इतका मान का, हे वेगळे सांगायला नको.

मधली_सुट्टी:
टोपऱ्याने माझा राग बराच उतरला. तरीही एक व्यावहारिक प्रश्न उरतो. ज्या निवडीचा निर्णय पदवीच्या वेळी किंवा त्यानंतर होतो, तिचा नोकरीला उपयोग काय? माझ्या पुतण्याला मोठ्या फर्मची नोकरी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातील कामावरूनच मिळाली, तेव्हा कॉइफचा प्रश्नच आला नव्हता. शिवाय हार्वर्ड आणि कोलंबिया या दोन शाळांत या संस्थेची शाखाच नाही, मग तिथल्या मुलांचे काही अडते का?

दोन_शाळा:
पहिल्या नोकरीपुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. अंतिम श्रेणी लागल्याशिवाय यादी करता येत नसल्याने पुष्कळ ठिकाणी पदवीदान समारंभ होऊन गेल्यावर निवड कळते, आणि निवड होण्याआधी ती रेझ्युमेवर लिहिणे चुकीचे आहे. उपयोग पुढे होतो: न्यायाधीशांकडे क्लर्कशिपसाठी (म्हणजे त्यांचा कायदा-सहायक म्हणून काम करण्यासाठी), सरकारी वकिलीत, आणि अध्यापनात तर नक्कीच. अनेक शाळा वैयक्तिक क्रमांक जाहीर करत नाहीत, त्यामुळे ‘हा विद्यार्थी वरच्या दहा टक्क्यांत होता’ हे दहा वर्षांनीही दोन शब्दांत सांगणारी अशी दुसरी गोष्ट सहसा हाताशी नसते. शाखा अमेरिकेतील सुमारे २०० मान्यताप्राप्त लॉ स्कूलपैकी ८० हून अधिक शाळांत आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक शाळांतल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही ती मिळू शकत नाही. कोलंबिया आपल्या मुलांना जेम्स केंट आणि हार्लन फिस्क स्टोन यांच्या नावाचे स्वतःचे सन्मान देते, त्यामुळे त्यांचे अडत नाही.

जुना_वकील:
उपयोगाचा विषय निघाला म्हणून एक नाव लिहितो. सॅन्ड्रा डे ओ’कॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून कॉइफ घेऊन बाहेर पडल्या. फर्मांनी त्यांना वकील म्हणून घेतले नाही. एका ठिकाणी लीगल सेक्रेटरीची जागा देऊ केली. शेवटी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ काउंटीच्या सरकारी वकील कार्यालयात त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम केले. १९८१ मध्ये त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. तेव्हा, ताई, मुलीला हेही सांगा.

आकडेमोड:
७५ टक्क्यांचे झाले. आता १० टक्क्यांकडेही एकदा नीट पाहू या, कारण मूळ प्रश्नात ‘निर्धास्त होतो’ असे वाक्य आहे आणि मला ते खटकले.

पदवी घेणारे विद्यार्थी १८७ असले, तर १० टक्के म्हणजे १८.७. हा आकडा ओलांडायचा नसतो, म्हणून १८ जण येतात, १९ नव्हेत. त्यात छेद कोणाचा, हे महत्त्वाचे आहे. दहा टक्के त्या वर्षीच्या सर्व पदवीधरांचे काढायचे असतात, त्यांनी ७५ टक्क्यांची अट पूर्ण केली असो वा नसो. याचा परिणाम असा की वरच्या अठरांपैकी दोघे श्रेणीच्या क्रेडिटअभावी बाद झाले, तर त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. एकोणिसावा आणि विसावा वर सरकत नाहीत. घटनेचे शब्द वाचून मला तरी दुसरा अर्थ लावता येत नाही.

वर्गाच्या गणनेत डिसेंबरमध्ये किंवा उन्हाळ्यात पदवी घेणारे धरले जातात का, सायंवर्गाचे चार वर्षांचे विद्यार्थी त्याच यादीत येतात का, यावर संख्या एक-दोनने हलते. शिवाय ३.७१ ही रेषा गेल्या सत्राची आहे. शेवटच्या वर्षी पुष्कळ जण लहान सेमिनार घेतात, तिथे कर्व्ह सैल असतो आणि सगळ्यांचीच सरासरी थोडी वर जाते. मुलीकडे ०.०३ ची आघाडी आहे. आधीच्या ५५ श्रेणी क्रेडिटवर तिची सरासरी ३.७४ असेल आणि वाढीव विषय धरून शेवटच्या सत्रातल्या ११ क्रेडिटवर ३.५ पडली, तर एकूण ३.७० होते. म्हणजे ३.७१ च्या खाली! त्यामुळे वाढीव क्रेडिट निवडताना तो कोणता, याचा विचार करावा. केवळ अट भरून काढायची म्हणून न आवडणारा विषय घेतला तर एक अट पूर्ण होईल आणि दुसरी निसटेल.

(आताच्या सत्राच्या श्रेणी अजून लागल्या नसतील, तर ३.७४ हा आकडाही बदलेल. तो हिशेब तुमच्यावर सोडतो.)

कोयनाकाठ:
सर्वांना कळवते. क्लिनिकच्या पुस्तिकेत चारही क्रेडिट उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे तिथून काही मिळाले नाही. रजिस्ट्रारना मुलीने मेल केला आणि त्यांचे उत्तर काल आले: छेदस्थानी पूर्ण केलेले सर्व क्रेडिट धरतात, बरोबर ७५ टक्के चालतात, आणि परदेशातील सत्राच्या श्रेणी कोणत्याही परिस्थितीत मोजल्या जात नाहीत. डिसेंबर, मे आणि ऑगस्टचे पदवीधर एकत्र धरतात, असेही त्यांनी आपणहून लिहिले.

माझ्या मनात एका क्रेडिटचा सोपा विषय होता. मुलीने आकडेमोड यांचा शेवटचा प्रतिसाद वाचला, बराच वेळ गप्प राहिली आणि शेवटी दोन क्रेडिटचे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यावरचे सेमिनार नोंदवले, कारण घरखालीच्या खटल्यांत नगरपालिकेचे नियम सतत लागतात आणि त्यावरचा निबंध तिला एरवीही लिहायचाच होता. ८९ पैकी ६७. सत्राचे १६ क्रेडिट होतात, शाळेची मर्यादाही १६ च आहे.

ओ’कॉनर यांची गोष्ट मी तिला सांगितली. ती तिला आधीच ठाऊक होती. टोपऱ्याची मात्र नव्हती. तिच्या बारशाचे टोपरे माझ्याकडे अजून आहे असे सांगितल्यावर, ते पदवीदान समारंभाला घेऊन येऊ नये, असा लेखी आदेश आला आहे.

अंतिम श्रेणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतात. यादी लागली की इथेच लिहीन.